अ‍ॅलिस्टर मॅक्लीनच्या आधीच्या आणि नंतरच्या कादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅलिस्टर मॅक्लीन (1922–1987) या स्कॉटिश लेखकाने 1955 ते 1986 या काळात 28 थरारकादंबऱ्या लिहिल्या. त्याचा विषय निघाला की वाचकांत हमखास दोन तट पडतात. एका तटाच्या मते सुरुवातीच्या दहा-पंधरा पुस्तकांनंतर त्याने केवळ पाट्या टाकल्या. दुसऱ्या तटाच्या मते हे बोलणे फार झाले, कारण नंतरच्या पुस्तकांतही एका बैठकीत संपवावीत अशी काही आहेतच. या वादात पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कोणत्याही कादंबरीचा शेवट किंवा खलनायकाचे नाव येथे फोडलेले नाही.

‘आधीच्या’ आणि ‘नंतरच्या’ कादंबऱ्या म्हणजे नेमक्या कोणत्या? सीमारेषा कोठे मानायची?

बहुतेक वाचक तीन टप्पे मानतात. पहिला टप्पा 1955 ते 1963 हा. ‘एचएमएस युलिसिस’पासून ‘आइस स्टेशन झेब्रा’पर्यंतच्या दहा कादंबऱ्या त्यात येतात. त्यानंतर मॅक्लीनने लेखन बाजूला ठेवून हॉटेलचा व्यवसाय केला. कॉर्नवॉलमधील ‘जमैका इन’ ही प्रसिद्ध जुनी सराई काही वर्षे त्याच्या मालकीची होती. दुसरा टप्पा 1966 मध्ये ‘व्हेन एट बेल्स टोल’ने सुरू होतो आणि 1971 मध्ये ‘बेअर आयलंड’पाशी संपतो. त्यात सहा कादंबऱ्या आहेत. तिसरा टप्पा 1973 च्या ‘द वे टू डस्टी डेथ’पासून 1986 च्या ‘सँटोरिनी’पर्यंतचा असून त्यात बारा कादंबऱ्या आहेत.

वाद असतो तो मधल्या टप्प्याविषयी. काही जण 1963 नंतरचे सगळेच ‘नंतरचे’ समजतात. हे पटण्यासारखे नाही, कारण ‘व्हेन एट बेल्स टोल’ आणि ‘बेअर आयलंड’ ही पुस्तके पहिल्या टप्प्यातील चांगल्या पुस्तकांच्या शेजारी सहज बसतात. आमच्या मते सीमारेषा 1971 ला ओढावी. यामागे एक ठोस कारण आहे, ते पुढे निवेदकाच्या प्रश्नात येईल.

आधीच्या कादंबऱ्यांत असे काय आहे की वाचक त्यांच्यावर इतके खूश असतात?

सर्वांत जास्त उल्लेख होतो तो थंडीचा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मॅक्लीनच्या निष्ठावंत वाचकाला कथानक विसरले तरी थंडी आठवते. ‘नाइट विदाउट एंड’मध्ये ग्रीनलंडच्या हिमपठारावर एक प्रवासी विमान उतरते. वाचलेल्या प्रवाशांत खुनी दडलेला आहे, हे वाचकाला लवकरच कळते. तरीही पानोपानी जो धोका अंगावर येतो, तो खुन्याचा नसून वाऱ्याचा, उपासमारीचा आणि गोठून निकामी होणाऱ्या हातापायांचा असतो. खुनी कोण हे ठाऊक असतानाही अनेक वाचक ही कादंबरी पुन्हा हाती घेतात. रहस्य फुटल्यावर ज्या पुस्तकात काही उरत नाही, त्याच्या वाट्याला असे भाग्य येत नाही.

थंडीचा खरा अर्थ असा की या पुस्तकांतल्या माणसांना शरीर आहे. ती थकतात, त्यांची बोटे काम करीनाशी होतात, झोप न मिळाल्याने त्यांच्या हातून चुका होतात, आणि त्या चुकांची किंमत पुढच्या प्रकरणात मोजावी लागते. ‘द गन्स ऑफ नॅव्हारन’मधला तरुण अधिकारी अँडी स्टीव्हन्स पहा. तो निष्णात गिर्यारोहक आहे, पण आपण घाबरतो याचीच त्याला भीती वाटते, आणि ही भीती कड्यावर चढताना त्याचा घात करते. पाय मोडल्यानंतर त्याच्या मनात जे चालते, त्याला मॅक्लीनने जितकी जागा दिली आहे, तितकी नंतरच्या कादंबऱ्यांत त्याने क्वचितच कोणाला दिली. तोफा उडवण्याच्या मोहिमेत या मजकुराची तशी ‘गरज’ नाही. तरीही पुस्तक लक्षात राहते ते त्याच्यामुळे.

याशिवाय अनुभवाचा भाग आहे. मॅक्लीन 1941 मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाला आणि ‘एचएमएस रॉयलिस्ट’ या क्रूझरवर त्याने टॉर्पेडो विभागात काम केले. उत्तर ध्रुवीय समुद्रातील काफिले, एजियन समुद्र आणि नंतर आग्नेय आशियाचा किनारा असा या नौकेचा प्रवास झाला. आता त्याच्या पहिल्या तीन कादंबऱ्या पहा. ‘युलिसिस’ ध्रुवीय समुद्रात घडते, ‘नॅव्हारन’ एजियनमध्ये, आणि ‘साउथ बाय जावा हेड’ 1942 मध्ये पडत असलेल्या सिंगापूरपासून सुरू होते. नोकरीच्या काळात डोळ्यांखालून गेलेले समुद्रच त्याने क्रमाने कागदावर उतरवले, असे म्हटले तरी चालेल.

प्रथमपुरुषी निवेदकाला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण मॅक्लीनची खरी करामत तेथे आहे. त्याच्या 28 कादंबऱ्यांपैकी नऊ कादंबऱ्या ‘मी’ने सांगितलेल्या आहेत: ‘नाइट विदाउट एंड’, ‘फिअर इज द की’, ‘द डार्क क्रुसेडर’, ‘द सेटन बग’, ‘द गोल्डन राँदेव्हू’, ‘आइस स्टेशन झेब्रा’, ‘व्हेन एट बेल्स टोल’, ‘पपेट ऑन अ चेन’ आणि ‘बेअर आयलंड’. आवडत्या पुस्तकांची यादी करायला सांगितली की वाचक या नवांतली चार-पाच नावे हटकून घेतात. आणि 1971 नंतर मॅक्लीनने एकही कादंबरी प्रथमपुरुषी लिहिली नाही. सीमारेषा 1971 ला ओढण्याचे कारण हेच.

हा ‘मी’ साधासुधा नाही. तो वाचकाशी खोटे बोलत नाही, पण हातचे राखून बोलतो. ‘आइस स्टेशन झेब्रा’मधील डॉक्टर कार्पेंटर अणुपाणबुडीच्या कप्तानाला आपल्या कामगिरीविषयी एक हकीकत सांगतो, ती उघडी पडली की दुसरी सांगतो, आणि वाचकही कप्तानाइतकाच फसत जातो. ‘फिअर इज द की’मध्ये सुरुवातीला रेडिओवर ऐकू येणारी एक हकीकत आहे. नंतर एकदम एका न्यायालयातला आरोपी आपल्यासमोर येतो, आणि या दोन गोष्टींचा सांधा कोठे आहे हे कळायला बरीच पाने जावी लागतात. निवेदकच आपल्याला घेऊन चालला आहे आणि तोच काहीतरी लपवतो आहे, या दुहेरी जाणिवेने वाचक अस्वस्थ होतो आणि पाने उलटत राहतो.

एक जागा जवळून पाहण्यासारखी आहे. ‘व्हेन एट बेल्स टोल’ची सुरुवात पीसमेकर कोल्ट या पिस्तुलाच्या वर्णनाने होते. हे पिस्तूल किती जुन्या बनावटीचे आहे, त्याची गोळी शरीरात शिरल्यावर काय करते, ते निवेदक एखाद्या जाणकाराच्या अलिप्त सुरात सांगत राहतो. मग समजते की तेच पिस्तूल या क्षणी त्याच्यावर रोखलेले आहे आणि तो जागचा हलू शकत नाही. थोड्या वेळाने आणखी एक गोष्ट समजते: पिस्तूल धरून बसलेला माणूस मेलेला आहे. केवळ काही पानांत माहिती, विनोद, भीती आणि धक्का एकामागून एक येतात, आणि या सगळ्याचा भार एकट्या ‘मी’च्या आवाजावर असतो. हाच प्रसंग तृतीयपुरुषी करून पाहावा. पिस्तुलाची माहिती उरेल, बाकीचे निघून जाईल.

‘एचएमएस युलिसिस’ इतर कादंबऱ्यांपेक्षा वेगळी का मानली जाते?

कारण ती खऱ्या अर्थाने थरारकादंबरी नाही, युद्धकादंबरी आहे. तीत हेर नाही, गद्दार नाही, शेवटच्या पानावरचा उलगडा नाही. रशियातील मुर्मान्स्ककडे निघालेल्या एफआर-77 या काल्पनिक काफिल्याचे रक्षण करणारी एक क्रूझर आहे. तिच्यावरचे खलाशी इतके पिचलेले आहेत की कादंबरी सुरू होण्यापूर्वीच त्यांनी बंड केलेले आहे, आणि तिचा कप्तान व्हॅलरी क्षयाने मरणपंथाला लागलेला आहे. शत्रूची गाठ पडण्यापूर्वी वादळच काफिल्याची दैना करून टाकते.

या पुस्तकाची जन्मकथा प्रसिद्ध आहे. ग्लासगोजवळच्या एका शाळेत शिक्षक असलेल्या मॅक्लीनने 1954 मध्ये ‘ग्लासगो हेरल्ड’च्या कथास्पर्धेत बक्षीस मिळवले. ती कथा वाचून कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने त्याला कादंबरी लिहिण्याचा आग्रह केला आणि त्याने काही महिन्यांत ‘युलिसिस’ लिहून दिली. पुस्तक प्रचंड खपले.

वाचकांची मते मात्र येथेही एक नाहीत. काहींना हे त्याचे सर्वोत्तम पुस्तक वाटते आणि पुढचे सगळे लेखन त्यांना उतरणीचे वाटते. काहींना त्यातील दुःखाची मात्रा असह्य होते, आणि संकटांवर संकटे रचताना नवखा लेखक मर्यादा सांभाळू शकलेला नाही, असेही ते म्हणतात. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. भाषाही जागोजागी भरजरी झाली आहे. तरी हातचे काहीही न राखता, सगळे पणाला लावून लिहिलेले त्याचे पुस्तक हेच, याविषयी फारसे दुमत ऐकू येत नाही.

नंतरच्या कादंबऱ्यांवर वाचकांचे नेमके आक्षेप कोणते आहेत?

पहिला आक्षेप असा की धोका मोठा झाला आणि माणसे लहान झाली. ‘द गोल्डन गेट’मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षालाच सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलावर ओलीस धरले जाते. ‘गुडबाय कॅलिफोर्निया’मध्ये अणुबॉम्बने भूकंप घडवून आणण्याची धमकी आहे. ‘फ्लडगेट’मध्ये हॉलंडचे समुद्रबांध फोडण्याची धमकी आहे. कल्पना म्हणून तिन्ही जबरदस्त आहेत. ‘फ्लडगेट’च्या सुरुवातीला अ‍ॅमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळच पाण्याखाली जातो, ही तर एखाद्या तरुण लेखकाला हेवा वाटावा अशी सलामी आहे. पण धमकी देणारा आणि धमकी ऐकणारा यांचा व्यवहार हा मुळात बोलण्याचा व्यवहार असतो. त्यामुळे या कादंबऱ्यांचा बराच भाग दिवाणखान्यांत, नियंत्रणकक्षांत आणि दूरध्वनीवर जातो. वाऱ्यात उभा असलेला माणूस खुर्चीत जाऊन बसला, आणि त्याच्याबरोबर थंडीही गेली.

दुसरा आक्षेप नायकांविषयी आहे. आधीचा नायक मार खातो, चुकीच्या माणसावर संशय घेतो, त्याच्या चुकीमुळे सहकारी जिवाला मुकतात. नंतरचा नायक सर्वज्ञ असतो. ‘गुडबाय कॅलिफोर्निया’तील सार्जंट रायडर किंवा ‘फ्लडगेट’मधील व्हॅन एफन यांचा अंदाज सहसा चुकत नाही, आणि बाकीची पात्रे त्यांच्या हुशारीवर थक्क होण्यापुरती उरतात. जो माणूस चुकत नाही त्याची काळजी वाटणार तरी कशी?

तिसरा आक्षेप संवादांचा. आधीच्या पुस्तकांतला तिरकस विनोद वाचकाला घट्ट धरून ठेवतो. नंतर मात्र सगळीच पात्रे, पोलीस असोत की गुन्हेगार, एकाच उपरोधिक सुरात बोलू लागतात, आणि तीन ओळींनंतर कोण बोलत आहे हे शोधायला बोट ठेवून मागे जावे लागते. मॅक्लीनच्या घरात गेलिक भाषा बोलली जात असे आणि इंग्रजी तो नंतर शिकला, हे काही वाचक त्याच्या काहीशा औपचारिक संवादांचे कारण म्हणून सांगतात. पण ते कारण आधीच्या पुस्तकांनाही लागू पडते, म्हणून नंतरच्या घसरणीचा खुलासा त्याने होत नाही.

चौथा आक्षेप किरकोळ असला तरी चाहत्यांना गंमतीचा वाटतो, तो नावांच्या पुनरावृत्तीचा. ‘फिअर इज द की’चा निवेदक टॅल्बट आणि पंचवीस वर्षांनी आलेल्या ‘सँटोरिनी’तील नौदल अधिकारीही टॅल्बटच. मेरी या नावाची तर गणतीच नाही. ‘फिअर इज द की’, ‘द सेटन बग’, ‘व्हेअर ईगल्स डेअर’, ‘बेअर आयलंड’ आणि ‘द वे टू डस्टी डेथ’ या पाचही कादंबऱ्यांत एक तरी मेरी आहेच. म्हणजे ही खोड आधीच्या काळातही होती. आवडत्या पुस्तकात तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, एवढाच फरक.

चित्रपटांमुळे त्याचे लेखन बिघडले, हे खरे आहे काय?

अर्धे खरे आहे. ‘द गन्स ऑफ नॅव्हारन’वरचा चित्रपट 1961 मध्ये आला. ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन आणि अँथनी क्विन त्यात होते आणि तो जगभर गाजला. पुढे मॅक्लीनने ‘व्हेअर ईगल्स डेअर’ ही कथा मुळात पटकथा म्हणूनच लिहिली. कादंबरी 1967 मध्ये आणि रिचर्ड बर्टन व क्लिंट ईस्टवुड यांचा चित्रपट 1968 मध्ये आला. ‘पटकथेने त्याचा घात केला’ असे म्हणणाऱ्यांची पंचाईत येथे होते, कारण हीच कादंबरी असंख्य वाचकांची लाडकी आहे. बर्फाळ आल्प्समधला किल्ला, तेथे जाण्यासाठी लोंबकळती रोपवे, आणि मोठ्या दालनात घडणारा तो दीर्घ प्रसंग, ज्यात कोण कोणाच्या बाजूचा हे दर पानाला उलटते: पटकथेचा घाट येथे कादंबरीच्या कामी आला आहे.

बिघाड कोठे झाला हे पाहायचे असेल तर ‘फोर्स टेन फ्रॉम नॅव्हारन’ (1968) वाचावी. ही ‘नॅव्हारन’ची पुढची कथा, पण तिच्या सुरुवातीला मूळ पथकातला आंद्रेया ज्या मारियाशी लग्न करीत असतो, ती मारिया मूळ कादंबरीत नाहीच, ती चित्रपटाने आणलेली आहे. म्हणजे लेखकाने आपल्याच पुस्तकाऐवजी त्या पुस्तकावरच्या चित्रपटाचा धागा पुढे नेला. पुस्तकाच्या वाचकापेक्षा चित्रपटाचा प्रेक्षक त्याला जवळचा वाटू लागला, असा निष्कर्ष यावरून काढला तर तो अन्यायाचा ठरू नये. 1970 च्या दशकातील काही पुस्तकांत प्रसंगांची केवळ मांडणी आहे आणि माणसाच्या आतले काहीच नाही, या तक्रारीचे मूळ येथे असावे.

मद्यपान, पैसा की घाई? घसरणीचे कारण कोणते?

मॅक्लीनच्या मद्यपानाविषयी उघडपणे लिहिले गेले आहे आणि त्याने त्याची प्रकृती खालावली, यात शंका नाही. तरी पुस्तकातल्या प्रत्येक दोषाचे खापर बाटलीवर फोडणे हा टीकेचा आळस आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तो स्वतःला कादंबरीकार मानत नसे, गोष्ट सांगणारा मानत असे. लिहिण्याचा आनंद आपल्याला फारसा होत नाही, हेही त्याने लपवले नाही. अशा माणसाने 1963 मध्ये लेखन सोडून हॉटेल काढले हे समजण्यासारखे आहे, आणि परत आल्यावर ठरावीक अंतराने पुस्तक देत राहणे त्याला नोकरीसारखे वाटले असेल, तर तेही समजण्यासारखे आहे. वेगाचे कारण मात्र टिकत नाही. सर्वांत चांगली पुस्तकेही त्याने झपाट्यानेच लिहिली होती.

वाचक त्याची पुस्तके गुणासाठी विकत घेत होते की नावासाठी?

हा प्रश्न मॅक्लीनलाही पडला होता. आपली पुस्तके नावावर खपतात की गुणावर, हे पाहण्यासाठी त्याने ‘द डार्क क्रुसेडर’ (1961) आणि ‘द सेटन बग’ (1962) या दोन कादंबऱ्या इयन स्टुअर्ट या टोपणनावाने प्रसिद्ध केल्या. दोन्ही चांगल्या खपल्या. पुढे त्या त्याच्या खऱ्या नावाने निघू लागल्या, आणि आज जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्या मॅक्लीनच्या म्हणूनच मिळतात. हा प्रयोग त्याने पहिल्या टप्प्यात केला. तो 1976 मध्ये केला असता तर काय झाले असते, यावर चाहत्यांनी खुशाल वाद घालावा.

त्याच्या कादंबऱ्यांतील स्त्रियांविषयी वाचक, विशेषतः वाचक स्त्रिया, काय म्हणतात?

बरे बोलत नाहीत. प्रेमप्रकरणाने कथेचा वेग मंदावतो, अशी मॅक्लीनची धारणा होती. त्यामुळे त्याच्या पुस्तकांत शृंगार जवळजवळ नाही, आणि घरातल्या सर्वांना वाचता येणारी थरारकादंबरी म्हणून एके काळी त्याचे कौतुकही झाले. पण शृंगार टाळताना स्त्रीही टाळली गेली. ‘पपेट ऑन अ चेन’मधील मॅगी आणि बेलिंडा या दोघी गुप्तहेर असूनही निवेदक त्यांच्याशी शाळकरी मुलींशी बोलावे तसा बोलतो. आजच्या वाचकाला ते खटकते आणि ते खटकायलाच हवे. ‘सीविच’मध्ये दोन बहिणींचे काम पळवून नेले जाण्यापलीकडे फारसे जात नाही. या बाबतीत आधीचा काळ आणि नंतरचा काळ यांत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही.

नंतरच्या कादंबऱ्यांपैकी कोणत्या खरोखर वाचण्यासारख्या आहेत?

‘ब्रेकहार्ट पास’ (1974) आणि ‘सॅन अँड्रियास’ (1984).

‘ब्रेकहार्ट पास’ ही एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत, बर्फातून निघालेल्या लष्करी आगगाडीत घडते. बंद जागा, बाहेर हिमवर्षाव, एकामागून एक मरणारे प्रवासी: मॅक्लीनला जे जमते ते सगळे येथे पुन्हा एकत्र आले आहे आणि कादंबरी आटोपशीर आहे. ‘सॅन अँड्रियास’मध्ये तो तीस वर्षांनी पुन्हा ध्रुवीय समुद्रात परततो. या वेळी नौका युद्धनौका नसून रुग्णनौका आहे आणि तिची सूत्रे मॅकिनन या बोसनच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हाती येतात. मॅकिननही नंतरच्या नायकांसारखाच फारसा न चुकणारा आहे, संवादही लांबलेले आहेत. पण लेखकाला समुद्र ठाऊक आहे हे प्रत्येक पानावर जाणवते. नंतरच्या पुस्तकांवर सरसकट फुली मारणाऱ्या वाचकाने निदान हे एक पुस्तक वाचून मग बोलावे.

‘सर्कस’, ‘अथाबास्का’ आणि ‘रिव्हर ऑफ डेथ’ यांच्यासाठी वेळ काढावा असे आम्ही सुचवणार नाही. ‘पार्टिझन्स’विषयी मते विभागलेली आहेत. युगोस्लाव्हियाच्या युद्धभूमीत रस असलेल्यांना ती आवडते, इतरांना ती रेंगाळलेली वाटते.

आवडनिवड ही वाचनाच्या वयावर अवलंबून नाही काय? चौदाव्या वर्षी वाचलेले सगळेच थोर वाटते.

हा आक्षेप योग्य आहे. महाराष्ट्रातील अनेकांनी मॅक्लीन वाचला तो शाळा-कॉलेजच्या दिवसांत, वाचनालयातून आणलेल्या किंवा मुंबईत फाउंटनच्या पदपथावर घासाघीस करून घेतलेल्या फोंटानाच्या पेपरबॅक आवृत्त्यांतून. इंग्रजी माध्यमात न शिकलेल्या कित्येकांचे ते पहिले सलग वाचलेले इंग्रजी पुस्तक होते. त्या पुस्तकाविषयी तटस्थपणे बोलणे अवघड असते. पण हे वाचक मॅक्लीन प्रकाशनक्रमाने वाचत नव्हते. जे हाताला लागेल ते वाचत होते. कित्येकांची सुरुवात ‘द गोल्डन गेट’ने झाली आणि ‘युलिसिस’ फार पुढे हाती आली. तरीही त्यांची पसंती आधीच्या पुस्तकांकडेच झुकलेली दिसते. केवळ पहिल्या वाचनाची जादू एवढाच खुलासा असता, तर यांच्या आवडीचे पारडे ‘गोल्डन गेट’कडे झुकायला हवे होते.

मराठीत त्याच्या कादंबऱ्या वाचता येतात काय? अनुवादात हा फरक जाणवतो काय?

होय. अशोक पाध्ये यांनी मॅक्लीनच्या अनेक कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद केले आहेत आणि ते ग्रंथालयांतून सहज मिळतात. अनुवादात एक मजेशीर गोष्ट घडते. नंतरच्या कादंबऱ्यांतले एकसुरी इंग्रजी संवाद मराठीत आले की त्यांना थोडा उठाव मिळतो, कारण कोण कोणाला ‘तू’ म्हणतो आणि कोण ‘तुम्ही’, हे अनुवादकाला ठरवावेच लागते आणि त्यामुळे बोलणारे वेगवेगळे होतात. उलट प्रथमपुरुषी कादंबऱ्यांतला तो कोरडा, स्वतःचीच टर उडवणारा आवाज मराठीत आणणे कठीण आहे. मूळ इंग्रजी वाचता येत असेल तर निदान ‘फिअर इज द की’ तरी इंग्रजीत वाचावी.

नव्या वाचकाने सुरुवात कोठून करावी?

‘व्हेअर ईगल्स डेअर’ किंवा ‘आइस स्टेशन झेब्रा’. पहिलीत वेग आहे, दुसरीत निवेदकाची लबाडी आहे, आणि दोन्ही वाचायला सोप्या आहेत. त्यानंतर ‘नाइट विदाउट एंड’ आणि ‘नॅव्हारन’ घ्याव्यात. ‘युलिसिस’ चौथी किंवा पाचवी वाचावी. ती पहिली वाचल्यास बाकीची पुस्तके हलकी वाटण्याचा धोका आहे, आणि तसे झाले तर तो दोष त्या पुस्तकांचा म्हणता येणार नाही.

मुखपृष्ठावर मॅक्लीनचे नाव आहे, पण आतली शैली निराळीच वाटते. असे का?

अशा वेळी मुखपृष्ठावरची लहान अक्षरे पाहावीत. मॅक्लीनने चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी काही कथासूत्रे लिहून ठेवली होती. संयुक्त राष्ट्रांच्या एका काल्पनिक गुन्हेविरोधी पथकाभोवती ती रचलेली होती. त्यांवरून इतर लेखकांनी कादंबऱ्या लिहिल्या. ‘होस्टेज टॉवर’ आणि ‘एअर फोर्स वन इज डाउन’ या जॉन डेनिस या नावाने त्याच्या हयातीत आल्या. ‘डेथ ट्रेन’ आणि त्यानंतरच्या काही कादंबऱ्या अ‍ॅलिस्टर मॅकनील या लेखकाने मॅक्लीनच्या मृत्यूनंतर लिहिल्या. लेखकाचे पहिले नाव ऐकायला जवळजवळ तेच असल्याने गोंधळात भरच पडते. मुखपृष्ठावर मॅक्लीनचे नाव ठळक आणि प्रत्यक्ष लेखकाचे नाव बारीक असते. ही पुस्तके ‘नंतरचा मॅक्लीन’ म्हणून वाचून त्याला नावे ठेवणारे वाचक नेहमी भेटतात. रद्दीच्या दुकानात पुस्तक हाती आले तर प्रकाशनाचे वर्ष आधी पाहावे. 1986 नंतर प्रथम प्रसिद्ध झालेली कोणतीही कादंबरी त्याने लिहिलेली नाही.